मी सांगते तसे कर

विचारवेल सार्वजनिक वाचनालय, जुळे सोलापूर
गुरुवार, १७ एप्रिल २०२५

आदरणीय अमरेशदादा,

आपला-माझा परिचय नसताना आणि आपण बेंगळुरूस मोठ्या कामात असताना मी हे पत्र ईमेलने पाठवण्याचे धाडस करीत आहे, याची क्षमा प्रथम मागते आणि मगच पुढे जाते. फोन करावा असे जेऊरच्या चंद्रिकामावशींनी सुचवले होते. तथापि फोनवर माझी वाक्ये पूर्ण होत नाहीत. समोरची व्यक्ती मध्येच ‘हॅलो, हॅलो’ म्हणते आणि माझे क्रियापद राहून जाते.

चंद्रिकामावशी या माझ्या आईच्या मावसबहीण, आणि त्यांच्या थोरल्या दिरांचे आपण चिरंजीव. २०१९ च्या उन्हाळ्यात आपण आमच्या वाचनालयाच्या संगणकावर लिनक्स आणि ‘वाचनपेटी’ हा पुस्तकसूचीचा प्रोग्राम विनामूल्य बसवून दिला होता. त्या वेळी मी बारावीत होते आणि दाराजवळच्या बाकावर वाचत बसले होते. आपण मला ‘पंखा लाव गं’ असे म्हणाला होता. आता मी तेथे साहाय्यक ग्रंथपाल आहे.

अडचण अशी. सोमवारी, २८ तारखेला, आमच्या वाचनालयाची तपासणी आहे. प्रत्येक पुस्तकावर मराठीत छापलेली चिकटपट्टी हवी, असे पत्र आले आहे. त्या छापण्यासाठी ‘चिठ्ठी’ नावाचा प्रोग्राम मिळतो. तो मी बसवू गेले असता यंत्राने नकार दिला. त्याचे इंग्रजी म्हणणे शब्दकोशाच्या साहाय्याने असे: ‘चिठ्ठी’ला ‘लिपी’ या मराठी अक्षरे हाताळणाऱ्या संचाची तिसरी आवृत्ती हवी आहे. ‘वाचनपेटी’ मात्र ‘लिपी’च्या दुसऱ्या आवृत्तीवर अवलंबून आहे. दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदू शकत नाहीत. शेवटी यंत्र म्हणते, ‘आपण मोडके संच धरून ठेवले आहेत.’ दादा, मी काहीही धरून ठेवलेले नाही. हा आरोप मला तीन दिवस लागून राहिला आहे.

आमचे अध्यक्ष कल्लप्पाअण्णा यांना मी हे समजावून सांगितले. (लिनक्सला ते त्याच्या चिन्हावरून ‘पेंग्विन’ म्हणतात.) ते म्हणाले, “त्या पेंग्विनला जमत नसंल तर तसं सांग की. शनिवारी पाचला गुरुशांत येतोय. सगळं पुसून नवं टाकतो म्हणलाय.” गुरुशांतअण्णांचे संगणकाचे दुकान आहे. त्यांचा नवा प्रोग्राम फक्त इंग्रजी अक्षरे जाणतो. त्यात ‘ळ’ला जागा नाही. आमची अकरा हजार दोनशे छत्तीस पुस्तके मी दोन वर्षे बसून मराठीत नोंदवली आहेत. शनिवार, २६ तारखेच्या सायंकाळी पाचनंतर ती नसतील.

सूचीची एक प्रत मी सुरक्षित ठेवली आहे. सहा रजिस्टरांत, सुवाच्य अक्षरात, हाताने लिहून काढली आहे.

आपल्या सवडीने, परंतु शनिवारपूर्वी, मार्गदर्शन व्हावे.

आपली नम्र,
भुवनेश्वरी


बेंगळुरू, १८ एप्रिल

भुवनेश्वरी,

अगं बाई, पत्र हाय का निकालपत्र! मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून वाचलं. साहेबाला वाटलं गावाकडं काहीतरी झालं.

ते नातं मी कागदावर काढून बघितलं. तुझी आई, आईची मावसबहीण, तिचा दीर, मग मी. ह्यालाच डिपेन्डन्सी म्हणतात बघ. मधला एक माणूस काढला तर आपण एकमेकांचे कुणीच न्हाय. तू आपली दादा म्हण, तेच सोपं.

आता कामाचं. हाताने लिहिलेल्या रजिस्टरला बॅकअप म्हणत न्हाईत गं. आज पहिलं काम, सूचीचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घे.

आणि तुझं भांडण लई जुनं हाय. दोन पाव्हणे, दोघांना एकच खुर्ची पाहिजे. जुन्या पाव्हण्याला उठवायचं, विषय संपला. ती जुनी लिपी काढूनच टाक. खाली कमांड लिहिलीय, तशीच टाइप कर आणि एंटर मार. दोन मिनिटांचं काम हाय. मग काय बोलतंय ते सांग.

आणि फोन कर की! मी मध्येच हॅलो म्हणणार न्हाय.

अमरेश


सोलापूर, शनिवार, १९ एप्रिल

आदरणीय अमरेशदादा,

उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार.

पेन ड्राइव्हबाबत: संगणकाच्या वर ‘पेन ड्राइव्ह लावण्यास सक्त मनाई, हुकमावरून’ अशी पाटी आहे. ती कल्लप्पाअण्णांनी स्वतः रंगवलेली आहे. मी रीतसर परवानगीचा अर्ज केला आहे. तो कार्यकारिणीच्या पुढील सभेपुढे येईल. सभा मे महिन्यात आहे.

कमांडबाबत: आपण दिली तशी ती टाइप केली. यंत्राने एक्केचाळीस संचांची यादी दाखवली आणि हे सर्व काढले जातील असे सांगितले. लग्नात आहेर लिहून घ्यावेत तशी मी ती क्रमांक घालून उतरवली आहे आणि सोबत जोडली आहे. सातव्या क्रमांकावर खुद्द ‘वाचनपेटी’ आहे. एकोणिसाव्यावर पडदा दाखवणारा संच आहे, असे शब्दकोशावरून वाटते. तेविसाव्यावर कळफलकाची मराठी आहे. आपण योजल्याप्रमाणेच हे सर्व असेल, याविषयी मला शंका नाही.

पण त्यानंतर जे घडले त्यामुळे माझे काम थांबले. यंत्राने लिहिले की आपण हानिकारक ठरू शकेल असे काही करीत आहात, आणि पुढे जायचे असल्यास हे वाक्य जसेच्या तसे टाइप करा: ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ शेवटी उद्गारचिन्हासह. म्हणजे, होय, मी सांगते तसे कर!

दादा, हे वाक्य मी आजवर कोणालाही म्हटलेले नाही. आमच्या घरी रिक्षावाल्यालाही ‘जमल्यास डावीकडे’ असे सांगतात. मी पंधरा मिनिटे पडद्याकडे पाहत बसले. आमच्या शिपाई मायाक्का मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “टाक की गं. मशीन हाय ते. मशीनला काय वाईट वाटणार हाय व्हय?” मी ते वाक्य टाइप करू लागले, पण ‘डू’पर्यंत पोहोचल्यावर बोटे थांबली. शेवटी ते खोडून ‘प्लीज, इफ यू डोन्ट माइंड’ असे लिहिले. यंत्राने ‘अबॉर्ट’ असे उत्तर दिले आणि काहीही केले नाही.

कमी उद्धट असे दुसरे एखादे वाक्य चालत असल्यास कळवावे.

आपली नम्र,
भुवनेश्वरी


बेंगळुरू, १९ एप्रिल, तुझं पत्र मिळाल्यावर सात मिनिटांनी

भुवनेश्वरी!

हात वर कर. कळफलकापासून लांब हो. मायाक्काला पण लांब कर.

ती यादी बघून माझा चहा सांडला. ते वाक्य टाकलं असतंस तर वाचनपेटी, पडदा, मराठी, सगळं गेलं असतं. काळा पडदा आणि त्याच्यात लुकलुकणारी एक रेघ, एवढंच ऱ्हायलं असतं तुमच्याकडं. चूक माझी. यादी न बघता मी कमांड दिली. दहा वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्यासारख्या किती जणांनी ते वाक्य डोळे झाकून टाकलंय, मोजता येणार न्हाय. ते विचारतंयच त्यासाठी की माणसानं जरा थांबावं. थांबलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

आता एकच कळत न्हाय. नवी वाचनपेटी तर कधीच आलीय, नव्या लिपीवर झकास चालते. मग तुमची जुन्यावर का अडकून बसली? त्या लिपीवर कुणीतरी होल्ड टाकलाय. म्हणजे ‘हिला बदलायचं न्हाय’ असं यंत्राला बजावून ठेवलंय. तेच ते ‘धरून ठेवलंय’. कोण शहाणा असेल तो? गुरुशांतच असणार. शोध जरा. का टाकला ते कळल्याशिवाय मी आता काढा म्हणणार न्हाय.

अमरेश


सोलापूर, मंगळवार, २२ एप्रिल

आदरणीय अमरेशदादा,

हे पत्र लिहिताना मला फार संकोच वाटत आहे. तीन मसुदे मी फाडले.

गुरुशांतअण्णांना विचारले. ते म्हणाले, “मी त्या पेंग्विनला आजवर हात लावलेला न्हाय. उगं माझ्यावर नका ढकलू.” मग मी विचार केला की २०१९ पासून वाचनालयात जो जो पाहुणा येतो, त्याच्याकडून आम्ही अभिप्राय वहीत चार ओळी लिहून घेतो. यंत्राजवळ जो कोणी आला असेल, तो वहीतूनही गेलाच असेल. जुनी वही कल्लप्पाअण्णांच्या कपाटात कुलपात होती. किल्ली मागायला मला एक दिवस लागला. अण्णांनी ती मिनिटभरात दिली. उरलेला वेळ मी त्यांच्या दाराबाहेर होते.

१२ मे २०१९ च्या पानावर पहिला अभिप्राय असा आहे: ‘वाचनालय शांत व स्वच्छ. पंखा आवाज करतो.’

त्याखाली, निळ्या शाईत: ‘वाचनपेटी बसवली. लिपी होल्डवर ठेवली हाय, कारण नवी लिपी ज्ञ ची पुस्तकं ज च्या ढिगात टाकते. सुधारून आली की होल्ड काढणे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी एक नंबर.’

त्याखाली एक स्वाक्षरी आहे. ती कोणाची आहे हे मी येथे लिहीत नाही. सुरुवातीचे अक्षर ‘अ’ आहे, आणि ते अण्णांचे नाही.

त्याच्याही खाली अण्णांनी लिहिले आहे: ‘पंखा दुरुस्त केला.’

दादा, यात कोणाचाही दोष नाही. सहा वर्षांत माणूस कितीतरी गोष्टी विसरतो. परंतु ‘होल्ड काढणे’ हे कोणी काढणे, हे त्या वाक्यात राहून गेले आहे.

शनिवारला चार दिवस आहेत.

आपली नम्र,
भुवनेश्वरी


बेंगळुरू, २३ एप्रिल

भुवनेश्वरी,

त्या पानाचा फोटो मायाक्कानं मला आधीच पाठवला होता. माझा नंबर २०१९ पासून हाय तिच्याकडं. खाली लिहिलं होतं, ‘शहाणा सापडला.’

कबूल. मीच तो. चटणी आठवते, होल्ड आठवत न्हाय. ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतो, कारण लिहून ठेवा रं. आणि स्वतः लिहिलं कुठं, तर पंख्याच्या तक्रारीखाली!

ज्ञ ची भानगड २०२१ लाच मिटलीय. आता क्रम ऐक, आणि तुझ्या सवयीप्रमाणं लिहून काढ. पहिलं, सूचीचा फोल्डर त्याच मशीनवर दुसऱ्या जागी कॉपी कर. त्याला पाटी आडवी येत न्हाय. पण एवढं ध्यानात ठेव, गुरुशांतनं पुसलं तर ती कॉपी पण जाणार. दुसरं, लिपीचा होल्ड काढ. तिसरं, नवी लिपी, नवी वाचनपेटी आणि चिठ्ठी, तिघींचं नाव एकाच कमांडमध्ये दे. वेगवेगळं बोलावलं की भांडतात, एकदम बोलावलं की गुमान बसतात. आधी नुसती तालीम करून बघ, यादी वाच, ‘काढणार’च्या खाली शून्य असेल तरच पुढं जा. कमांडा खाली दिल्यात. दोनदा तपासल्यात.

एक मात्र हाय. नवी वाचनपेटी पहिल्यांदा उघडली की सगळी पुस्तकं नव्यानं लावून घेते. तुमच्या त्या म्हाताऱ्या मशीनवर पाऊण तास जाईल. त्या पाऊण तासात बटण बंद करायचं न्हाय. कुणीच न्हाय. अर्धवट ऱ्हायलं तर पाचच्या आत परत सगळं जमवणं अवघड हाय.

फोन चालू ठेवतो. तू करणार न्हाईस, माहीत हाय.

शहाणा


सोलापूर, शनिवार, २६ एप्रिल

आदरणीय अमरेशदादा,

कळविण्यास आनंद होतो की होल्ड निघाला, तिन्ही संच एकत्र बसले आणि ‘काढणार’ या शब्दाखाली शून्य होते. पुस्तके नव्या क्रमाने लागली. अकरा हजार दोनशे छत्तीस, एकही कमी नाही. ‘ज्ञ’ची एकोणतीस पुस्तके शेवटी, आपल्या जागी आहेत. चिकटपट्ट्या छापणे सुरू आहे.

उशीर एवढ्यासाठी झाला की नवी वाचनपेटी मोबाइलच्या नेटवरून उतरवावी लागली. गुरुवारी आणि शुक्रवारी ती अर्ध्यावर तुटली. आज दुपारी पूर्ण आली.

गुरुशांतअण्णा येऊन गेले. काही किरकोळ बोलणे झाले, त्याचा तपशील महत्त्वाचा नाही.

आपली नम्र,
भुवनेश्वरी


बेंगळुरू, रविवार, २७ एप्रिल

भुवनेश्वरी,

किरकोळ?

सकाळी सकाळी मायाक्काचा फोन. तिचंच बोलणं तिच्याच शब्दांत देतो: “अमरेश, काल आमच्या पोरीनं अण्णांना खुर्चीत बसवलं रं! त्या गुरुशांतला दोन पावलं मागं सरकवलं. एवढ्या मोठ्यानं बोलली, बाहेर पेपर वाचत बसलेली माणसं उठून उभी ऱ्हायली. मी तर झाडू घेऊन बटणाम्होरं उभी. मला म्हणली न्हवती, तरी.”

मी म्हणलं, कोण पोरगी? ती म्हणली, “तुझी ती प्लीजवाली की!”

आता तू पूर्ण सांगितल्याशिवाय मी जेवायला बसत न्हाय. आणि उद्या तपासणी झाली की पहिलं मला कळव. मला इथं झोप न्हाय. होल्ड माझा होता.

अमरेश


सोलापूर, सोमवार, २८ एप्रिल २०२५

आदरणीय अमरेशदादा,

आपण जेवला नसाल तर आधी जेवून घ्यावे. पत्र लांबणार आहे.

शनिवारी पाच वाजण्याची मी वाट पाहत होते. गुरुशांतअण्णांच्या गल्लीत मात्र पाच दिवसांनी एकदा येणारे नळाचे पाणी त्या दिवशी पाचला यायचे होते. म्हणून ते तीन वाजून वीस मिनिटांनीच आले. त्या वेळी पडद्यावर आकडा होता आठशे दोन. अण्णा त्यांच्या मागोमाग आले.

गुरुशांतअण्णा म्हणाले, “हे काय चाललंय? थांबा, बंद करतो आदी.” आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

मी म्हणाले, “कृपया…” त्यांनी ऐकले नाही. मी म्हणाले, “जरा जर आपण…” आणि हे वाक्यही अपूर्ण राहिले. त्यांचे बोट बटणावर होते. दादा, मला त्या क्षणी यंत्राचे ते वाक्य आठवले. ते मी आठ दिवस मनात घोळवीत होते. कमी उद्धट पर्याय मला सापडला नव्हता.

मी म्हणाले, “हात काढा!”

मग थांबता आले नाही. “गुरुशांतअण्णा, दोन पावले मागे या. अण्णा, तुम्ही त्या खुर्चीवर बसा. पाऊण तास कोणीही कशाला हात लावायचा नाही. मी सांगते तसे करा!”

सर्व क्रियापदे पूर्ण झाली.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, “अगं, तुला बोलता येतंय की!” आणि बसले. मी लगेच क्षमा मागणार होते, पण मायाक्का म्हणाल्या, “आता माफी मागशील तर झाडूच घालीन.” म्हणून मागितली नाही. ती आज अण्णांकडे मागितली. ते म्हणाले, “कशाची गं?”

तीन हजारांनंतर गुरुशांतअण्णांनीही खुर्ची ओढून घेतली. नऊ हजारांवर यंत्र काही वेळ अडले, तेव्हा सर्वांत आधी तेच कळवळले. “अरे, चल की!” असे ते पडद्याला म्हणाले. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटचे पुस्तक लागले. गुरुशांतअण्णा पाण्यासाठी पळाले. जाताना त्यांनी दारात विचारले, “हे होल्डचं कसं काढता, मला पण एकदा दाखवाल का?” ते बुधवारी येणार आहेत. मी त्यांना वही आणायला सांगितले आहे.

रविवारी रात्री उशिरापर्यंत पेपर वाचणाऱ्या मंडळींसह सर्वांनी मिळून चिकटपट्ट्या लावल्या. आज अकरा वाजता तपासणी झाली. तपासणी अधिकाऱ्यांनी तीन पुस्तके नावाने मागितली. त्यांतले एक ‘ज्ञ’चे होते. मी खाली पाहत होते, पण बोटे सरळ चालली. दोन मिनिटांत तिन्ही पुस्तके चिकटपट्ट्यांसह टेबलावर आली. त्यांनी यंत्राबद्दल अण्णांना काही विचारले. तेव्हा अण्णा म्हणाले, “साहेब, मशीनचं ह्या बाईंना विचारा. मी आपला ह्या सांगतील तसं करतो.”

पुसून टाकण्याचा बेत रद्द झाला. सूची राहिली. पेन ड्राइव्हचा अर्जही आजच, सभेशिवाय, मंजूर झाला. पाटीवर ‘भुवनेश्वरी सोडून’ असे दोन शब्द अण्णांनी स्वतः रंगवले. रंग अजून ओला आहे.

अधिकाऱ्यांनी अभिप्राय वहीत चांगल्या चार ओळी लिहिल्या. त्या वहीत फक्त पाहुण्यांनी लिहावे, असा प्रघात आहे. ते गेल्यावर मी तो मोडला. त्यांच्या ओळींखाली लिहिले: ‘लिपीवरील होल्ड २६ एप्रिल २०२५ रोजी भुवनेश्वरीने काढला. यापुढे कोणी ठेवल्यास कारण, तारीख, आणि तो कोणी काढायचा त्याचे नाव येथेच लिहावे.’ जुन्या वहीतील आपल्या नावावर रेघ मारलेली नाही. चटणीचा मजकूर वाचनालयास भूषणावह आहे.

आणखी एक. आपण दोनदा फोनचा विषय काढला आणि मी दोन्ही वेळा तो टाळला. रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्याला सवड असल्यास, आणि आपली काही हरकत नसल्यास, असे वाक्य मी आत्ता लिहिले होते. ते खोडले आहे.

रविवारी अकराला फोन करा. अकराला नको, पाणी येते. साडेअकराला करा. मी उचलेन, आणि माझे बोलणे संपेपर्यंत हॅलो म्हणू नका.

भुवनेश्वरी

रवाना: सोमवार, २८ एप्रिल २०२५, सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटे